हाताचा गुण

बेलापूर, ता. श्रीरामपूर
दि. २९ मे २०२५

तीर्थरूप सौ. आईस,
आरतीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तू, अण्णा, कल्याण आणि पूजावहिनीही खुशाल असाल असं धरून चालते. नसाल तर दडवून न ठेवता कळव. मागच्या आठवड्यात फोनवर मी तुला पाऊस कसा आहे विचारलं, तर तू मला कैरीच्या लोणच्यात मीठ किती घालायचं ते सांगितलंस. मी इतकी ओरडत होते की दुकानातलं गिऱ्हाईक उठून बाहेर जाऊन उभं राहिलं. म्हणून ठरवलं, आता पत्रच लिहायचं. तुझे कान रुसले असले तरी डोळे अजून सुईत दोरा ओवतात.

यंदा मे महिन्यात आम्ही छत्र्या काढल्या. लोकांचा काढलेला कांदा रानातच सडला. आमच्या खत-बियाण्याच्या दुकानात सध्या खरेदी कमी आणि गप्पा जास्त. गोण्यांवर बसून सगळे पावसाचा न्यायनिवाडा करतात. एकजण म्हणतो पवनचक्क्या ढग पिटाळतात. त्यावर दुसरा विचारतो, मग एवढे ढग आले कुठून? तिसरा सगळं मोबाईलच्या टॉवरवर ढकलतो. राहात्याचे एक पेरूवाले काका येतात, ते म्हणतात देवानं कॅलेंडर बदललं आणि आपल्याला नवीन पाठवायचं विसरला. सासूबाईंचं एकच उत्तर, कलियुग. 'हवामान बदल' हा शब्द तेवढा कंपनीचा माणूस वापरतो, तोही चहा येईपर्यंत.

आता मुद्द्याचं. कल्याण सांगत होता की यंदा तू मूठ धरणार नाही म्हणालीस. आई, मी या घरात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की आमच्या पिंपळटेकला आता पेरणी ट्रॅक्टरनं होत असली तरी पहिली ओळ, पहिलं तास, बैलांच्या तिफणीनंच निघतं, आणि तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायच्या त्या लाकडी वाटीवर, पहिली मूठ माझ्या आईची असते. तिच्या मुठीतून बाजरीचे दाणे चाड्यात पडले की मगच बाकीचं गाव पेरायला लागतं, कारण तिच्या हाताला गुण आहे. तुमचे जावई आजही पाहुण्यांना ही गोष्ट सांगतात, आणि दर वेळी त्यात दोन-चार बैल वाढवतात.

मग नाही का म्हणालीस? हात दुखतो का? की कुणी काही बोललं? खरं काय ते लिही. अण्णांना साष्टांग नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
आरती

*

पिंपळटेक, ता. पाथर्डी
दि. ६ जून २०२५

चि. सौ. आरतीस,
आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ते तुझ्या अण्णांनी आधी फोडलं, कारण वर त्यांचं नाव होतं म्हणे. नाव माझं होतं. आम्ही सगळे बरे आहोत. अण्णांना मोबाईलवर हवामानाचे इशारे बघायचा नाद लागलाय. आज पिवळा आहे, उद्या केशरी आहे, असं सांगत फिरतात. मी म्हटलं लुगडी विकायला निघालात की काय. जावईबापूंना सांग, बैल दोनच होते.

हात दुखत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिते, नाहीतर हे बोलायचं नव्हतं. परवाच्या साली मी मूठ धरली, बाजरी वीतभर आली आणि पावसानं तोंड फिरवलं. गावाला दुबार पेरावं लागलं. गेल्या साली पीक चांगलं आलं, कणसं भरली, आणि काढणीच्या तोंडावर पाऊस असा बसून राहिला की कणसातच मोड फुटले. दोन्ही साली पहिली मूठ माझीच होती.

तेव्हापासून मी गिरणीत दळण घेऊन गेले की बाया बोलायच्या थांबतात. मला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत आहे, तरी थांबतात. मग न ऐकताच कळतं. कुणी वाईट बोलत नाही गं. केशरबाईच्या हाताचा गुण गेला, एवढंच म्हणतात. मलाही तसंच वाटतं. दात गेले, कान गेले, गुण तेवढा कशाला मागे राहील?

मे महिन्यात तुझ्या चुलत्याच्या गहिनीनाथानं रोहिणीच्या पावसावर बाजरी पेरून टाकली. मूठ धरायला नेवाशाहून आपल्या सासूला आणलं. मला कुणी सांगितलं नाही. मी शेळीला पाला आणायला गेले, तेव्हा त्याच्या बांधावर हळदीकुंकू वाहिलेला नारळ दिसला. गहिनीनाथ वाईट नाही. त्याच्या बारशाला पाळण्याची दोरी मीच धरली होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, पंकजानं, वाटीभर शिरा पाठवला. सांगता येत नव्हतं म्हणून पाठवला असेल. मी खाल्ला. गोड झाला होता.

त्या दिवशी मी ठरवलं, लोकांनी नको म्हणायच्या आत आपणच नाही म्हणावं. कल्याण ऐकत नाही. तो म्हणतो, तुझी मूठ नसेल तर मी पेरणार नाही. त्याला तू समजाव, तुझं ऐकतो. पार्थचा आजीच्या वाटचा एक गालगुच्चा घे. मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझी आई

*

बेलापूर
दि. १३ जून २०२५

तीर्थरूप सौ. आईस,
आरतीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी रडले आणि मग मला राग आला. तुझा नाही, गिरणीतल्या बायांचा. गहिनीनाथाचा तर इतका आला, की तो समोर असता तर त्याच्या सासूच्या देखत त्याचा कान धरला असता.

आई, आता नीट ऐक. म्हणजे नीट वाच. राहुरीला विद्यापीठाच्या मेळाव्याला आम्ही दोघं गेलो होतो, तिथं हे सगळं समजावून सांगितलं होतं. शंभर-दीडशे वर्षं जगभरातल्या कारखान्यांचा, गाड्यांचा, विजेसाठी जाळलेल्या कोळशाचा धूर वर जाऊन साठलाय. त्यानं हवा तापली, समुद्र तापला. तापलेल्या हवेत पाणी जास्त मावतं. मग ते पडतं तेव्हा एकदम कोसळतं, आणि मधले कित्येक दिवस कोरडे जातात. पाऊस उशिरा येतो किंवा लवकर येतो, काढणीच्या वेळी नको असताना मुक्काम ठोकतो. हे पिंपळटेकचं नाही, सगळ्या पृथ्वीचं दुखणं आहे.

गेल्या साली काढणीला पाऊस तुमच्याकडेच झाला का? इथं सोयाबीन काळं पडलं. नेवाशात कपाशी भिजली. राहात्यात पेरू झाडावर कुजले. तिथं कुठं तू मूठ धरायला गेली होतीस? जे विलायतेतल्या गाड्यांनी केलं, ते तू आपल्या मुठीवर कशाला घेतेस? तुझ्या हातात काही नव्हतं, आई. एकदाही नव्हतं.

हे पत्र अण्णांना वाचून दाखव. गहिनीनाथालाही दाखव. वाटलं तर गिरणीत नेऊन चिकटव. आणि ही अढी मनातून काढून टाक. हात काही गुन्हेगार नाही तुझा. कल्याणलाही सांगते, जमिनीत ओल बघून पेर म्हणून.

पार्थनं गालगुच्चा घेऊ दिला नाही. म्हणाला आजीचा आहे तर आजीनंच येऊन घ्यावा. तब्येतीला जप, आणि कृपा असू दे.

तुझी,
आरती

*

पिंपळटेक
दि. २४ जून २०२५

चि. सौ. आरतीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. ते मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले पोरगी बरोबर बोलते, पण पवनचक्क्यांबद्दल तिनं काहीच लिहिलं नाही. ते अजून चक्क्यांवरच आहेत.

मग घरात कुणी नव्हतं तेव्हा दुसऱ्यांदा वाचलं. आरती, तू लिहितेस माझ्या हातात काही नव्हतं, एकदाही नव्हतं. मग ज्या साली बाजरीत उभा माणूस दिसत नव्हता, ती बाजरीही माझ्या हाताची नव्हती ना?

मी लग्न होऊन या घरी आले त्या साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. म्हणून चाड्यावर माझा हात गेला. पीक जोरात आलं, आणि मामंजी खळ्यावर चारचौघांत म्हणाले, "सूनबाईच्या हाताला गुन हाय." तोवर मला कुणी कशाबद्दल चांगलं म्हटलं नव्हतं गं. शाळा चौथीत सुटलेली, रंगानं काळी, बोलायला भित्री. त्या एका शब्दावर मी सगळा संसार केला. मुठीच्या दिवशी उपास धरला. त्या दिवशी कुणाला वाकडा शब्द बोलले नाही, कुणावर डोळे वटारले नाहीत. वाटायचं, आपल्या हातून काही होतंय.

तू माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवलंस, पण उतरवताना ओझ्याखालची चुंबळही घेऊन गेलीस. दोष माझा नाही हे तू शहाणपणानं समजावलंस, आणि ते मला पटलं. मग माझं काय होतं, तेही सांग. मी रागावून लिहीत नाही. खरंच विचारते.

इकडे मृग कोरडा गेला. वारा सुटतो, ढग येतात आणि पुढच्या गावाला जातात. गहिनीनाथाची कोवळी बाजरी माना टाकून जळाली. मला बरं वाटेल म्हणून की काय, पूजानं मुद्दाम येऊन सांगितलं. मला बरं वाटलं नाही. तो रस्त्यात दिसला तरी मान खाली घालून जातो. कल्याणनं अजून पेरलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघतो आणि मी आभाळाकडे बघते.

उत्तर सुचलं तर लिही, नाही सुचलं तरी पत्र मात्र पाठव.

तुझी आई

*

बेलापूर
दि. २ जुलै २०२५

तीर्थरूप सौ. आईस,
आरतीचा नमस्कार, आणि पायांवर डोकं.

पत्राला उशीर झाला. लिहायला बसलं की गिऱ्हाईक येतं, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. काय लिहावं तेच सुचत नव्हतं. तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. राहुरीच्या मेळाव्यात ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिथं कुणाला ते विचारायचं सुचलंही नव्हतं.

परवा नेवाशाकडची एक बाई दुकानात आली. बियाण्याची पिशवी आमचा गडी उचलून द्यायला लागला, तर म्हणाली त्यानं नको, ताईंनी द्यावी, मागच्या वर्षी त्यांच्या हातची बरी गेली. एरवी मी हसले असते. त्या दिवशी गल्ल्यावरून उठले आणि दोन्ही हातांनी पिशवी दिली. तिनं ती कपाळाला लावली. पाऊस येईल का, हे तिनं विचारलं नाही. विचारून मी तरी काय सांगणार होते?

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आपल्या घरचा मुठीचा दिवस आठवला. तू त्या दिवशी रागवायची नाहीस हे कल्याणला पक्कं ठाऊक होतं. एका साली त्यानं तुझ्या डोळ्यांदेखत दुधाचं पातेलं लवंडून दिलं. तू नुसती त्याच्याकडे बघत राहिलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला दोन्ही दिवसांचं एकदम मिळालं. अण्णांचा आवाजही त्या दिवशी चढायचा नाही. ज्या घरी तू मूठ धरायला जायचीस, त्या घरचेही भांडण बाजूला ठेवायचे. बांधावरून वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ तुझ्या तिफणीमागून बरोबर चालताना मी पाहिलेत. मला तेव्हा पाऊसपाण्याचं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, आई मूठ धरते म्हणजे हेच करते.

मूठ धर, असं मी आता म्हणणार नाही. तुझ्या मनाला येईल तसं कर. फक्त माझ्या आधीच्या पत्रातली ती ओळ, तुझ्या हातात काही नव्हतं म्हणून लिहिलेली, ती पावसापुरती ठेव. बाकीची खोडून टाक. मला तेव्हा कळलं नव्हतं.

तुझी आठवण फार येते. पेरण्यांची गर्दी ओसरली की पार्थला घेऊन येते. तोवर माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आरती

*

पिंपळटेक
दि. १५ जुलै २०२५

चि. सौ. आरतीस,
आईचे अनेक आशीर्वाद, आणि या वेळी जरा जास्तच.

तुझं पत्र आलं आणि मी ते उशीखाली ठेवलं. दुधाच्या पातेल्याचं वाचून कल्याण आता सांगतो की ते मुद्दाम नव्हतं, हात लागला होता. एवढ्या वर्षांनी साक्षीदार कुठून आणायचा?

आर्द्रा कोरड्याच गेल्या. पुनर्वसू निम्मा झाल्यावर दोन चांगल्या सरी आल्या आणि जमिनीत वीतभर ओल गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गहिनीनाथ आला आणि उंबऱ्याशी खाली बघत बसला. काहीतरी पुटपुटला. मला ऐकू आलं नाही, मी म्हटलं काय? तो पुन्हा पुटपुटला, मी पुन्हा काय म्हटलं. शेवटी त्याला ओरडावं लागलं, आणि जे तो माझ्या एकटीच्या कानात सांगायला आला होता ते सगळ्या आळीनं ऐकलं. "काकू, परत जळायचं असंल तर जळू द्या," असं ओरडला तो, "पन या टायमाला मूठ तुमची असू द्या. त्या दिशी रानात लई एकटं वाटलं." समोरच्या घरांची दारं उघडली होती. तुझे अण्णा उगाच मोबाईल बघत बसले.

सासूला आणलं त्या दिवशी आभाळ बघून त्याची सगळी घाई चालली होती. पंकजाशी वाजलं, ट्रॅक्टरवाल्याशी वाजलं, आणि त्याची सासू बिचारी चाड्यापाशी गप उभी होती. पेरून घरी गेला तरी पेरल्यासारखं वाटलं नाही म्हणे. मी त्याला तू लिहिलेलं सगळं सांगितलं, समुद्राचं, धुराचं, गाड्यांचं. पाऊस माझ्या मुठीत नाही, हेही सांगितलं. त्यानं मान हलवली आणि म्हणाला ते आम्हालाही ठाऊक आहे. मग मला कळेना, की ठाऊक होतं तर गुण गेला कशाला म्हणत होते. दुसरं कुणाला बोलणार, आरती? समुद्राला जाऊन बोलता येतं का? मी जवळ होते, म्हणून माझ्यावर बोट ठेवलं असेल.

मी उपास धरला. काल सकाळी गहिनीनाथाच्या रानात तिफण उभी केली. अण्णांनी बैल धरले. पंकजानं चाड्याला हळदीकुंकू वाहिलं. गाव जमलं होतं, गिरणीतल्या बायाही होत्या. मी मूठ भरली. दाणे सोडत सोडत तासाच्या टोकापर्यंत गेले.

तुला आठवत असेल, पहिलं तास संपलं की लोक विचारतात, काकू, पीक येतंय का? आणि मी म्हणते, येतंय. एवढी वर्षं म्हणत आले. कालही विचारलं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्या दिवशी वाकडं बोलायचं नाही, तर खोटं तरी कसं बोलू? मी म्हटलं, "मला ठावं न्हाई, बाबांनो."

एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच म्हटलं. म्हणून झालं आणि मी मातीकडे बघत उभी राहिले. वर बघायचं धाडस होईना. वाटलं, आता एकेकजण धोतर, पदर झटकून घरची वाट धरेल, आणि जाऊ दे, त्यांचंही बरोबर आहे. जरा वेळानं मान वर केली. सगळे तिथंच होते. कुणी जागचं हललं नव्हतं. पंकजानं पोत्यातलं बी माझ्या पदराच्या ओट्यात ओतलं, गहिनीनाथानं तिफण वळवून घेतली आणि मला ऐकू यावं म्हणून जवळ येऊन म्हणाला, "चला काकू, दुसरं तास."

पार्थला, जावईबापूंना आशीर्वाद. घरच्या वडील मंडळींना नमस्कार. आहे तशीच माया ठेव आणि सवड काढून ये.

तुझी आई,
केशरबाई